नाकतोडा आणि लवंग

तिच्या कामाच्या खोलीच्या दारावर थाप पडली, पण ती हाताची वाटत नव्हती. तिने दार उघडलं, तर समोर एक तरुण. दोन्ही हातांत काचेच्या बाटल्यांचा खोका, आणि दार वाजवायला वापरलेलं कपाळ किंचित लाल झालेलं.

"हात मोकळे नव्हते," तो म्हणाला. "डोकं मोकळं होतं."

तिला हसू आलं, पण तिने ते गिळलं. पहिल्याच भेटीत हसलं की माणसं डोक्यावर बसतात, असं तिच्या मावशीचं मत होतं. मावशीची मतं पुष्कळ होती आणि त्यातलं एकही आजवर उपयोगी पडलं नव्हतं.

तो तळमजल्यावरच्या प्रयोगशाळेतला रसायनवाला. चाचण्यांसाठी गॅसचे नमुने तयार करून द्यायचे, हे त्याचं काम. दिवसभर त्या घाणेरड्या वासात राहायचं म्हणून गालात कायम एक लवंग. ती चिप बनवणारी. तिच्या टेबलावर हिरवी पट्टी होती, पुढे मिशांसारख्या दोन तारा आणि बाजूला इवलासा लाल दिवा. त्या पट्टीला सगळे नाकतोडा म्हणायचे.

"हा करतो काय?" त्याने वाकून विचारलं.

"झोपतो."

"वा. आणि पगार?"

"मेंदूसारखा बनवलाय त्याला. आपला मेंदू काही सारखा सगळं मोजत बसत नाही. काही बदललं की तेवढ्या पेशी जाग्या होतात, बाकीच्या आराम करतात. म्हणून हा घड्याळातल्या सेलवर वर्षभर चालेल. आणि शिकतो स्वतःच. ज्या गोष्टी एकत्र येतात, त्यांची आपला आपण गाठ मारतो."

"गॅस आला की दिवा लावायचा, एवढंच ना?"

"एवढंच," ती म्हणाली. पण तिच्यासाठी ते एवढंच नव्हतं.

तिला वाढवलं ते मावशीने. एका तापात मावशीला वास यायचा थांबला तो थांबलाच. एकदा शेगडीचं बटण उघडं राहिलं. ती कामावरून घरी शिरली, तर दारातच वास भपकन अंगावर आला, आणि आत मावशी निवांतपणे काडेपेटी शोधत होती. त्या दिवशी मावशीच्या हातातून घेतलेली काडेपेटी तिने अजून टाकली नव्हती. ज्यांचं नाक गेलंय त्यांच्या घरी एक नाक असावं, यासाठी तिने या नाकतोड्याच्या मागे रक्ताचं पाणी केलं होतं. महिन्याअखेर परीक्षक येणार होते. त्यांना पटलं नाही तर काम बंद, आणि नाकतोडा कपाटात.

रसायनवाला रोज येऊ लागला. तो आत यायचा, बूच काढायचा, लाल दिवा लागायचा. मग बूच लावून झालं तरी तो जरा रेंगाळायचा. "याला जांभई येते का?" असले प्रश्न विचारायचा. ती उत्तरं द्यायची, तीही अगदी गंभीरपणे, आणि तो गेल्यावर एकटीच हसायची.

एक दिवस तो आत आला आणि दिवा लागला. बाटलीचं बूच मात्र जागच्या जागी होतं.

"गळतेय का?" तिने विचारलं.

गळत नव्हती. बाटली बाहेर ठेवून तो पुन्हा आत आला. पुन्हा दिवा. मग तिचं लक्ष त्याच्या गालाकडे गेलं.

"लवंग..." ती खुर्चीत बसली. "रोज आधी तुमची लवंग येते, मागून गॅस येतो. याने गाठ मारली. लवंग आली की गॅस आलाच."

"म्हणजे मी धोका आहे?"

"तुम्ही नाही. तुमची लवंग."

"सोडली आजपासून."

"तुम्ही सोडाल हो. लोकांच्या स्वयंपाकघरात लवंग नसते का? उठसूट बोंब मारणारं नाक लोक दुसऱ्याच दिवशी फेकून देतील." ती थांबली. पुढचं म्हणायला तिला उगाच संकोच वाटला. "तुम्हाला यावं लागेल. लवंग तोंडात, हात रिकामे. पुन्हा पुन्हा. तुमच्या येण्याने काहीच होत नाही, हे याला पटेपर्यंत."

"माझ्या येण्याने काहीच होत नाही," त्याने हळूच म्हणून पाहिलं. "बरं. शिकवू या त्याला."

मग तो रिकाम्या हाताने येत राहिला. कधी खिडकीशी उभा राहून काचेवरची भुरभुर बघायचा, कधी तिची पेन्सिल उचलून तासत बसायचा. एवढ्या पेन्सिलींना टोकं तिच्या टेबलावर कधीच नव्हती. दिवा आधी ठळक लागायचा, मग मंद, मग नुसता लुकलुकायचा.

"आज किती कमी लागला," तो म्हणायचा. "तुम्ही खूश?"

"खूप," ती म्हणायची, आणि दिव्याकडेच बघत राहायची. दिवा विझला की त्याला यायचं कारणही संपणार. त्यात भर म्हणजे, हल्ली जिन्यात पावलं वाजण्याआधीच तिचा हात केसांकडे जात होता. मेंदूची नक्कल इतकी शहाण्यासारखी विसरत होती, आणि अस्सल मेंदूला काही म्हणून ताळतंत्र नव्हतं.

परीक्षक येऊन बसले, त्या सकाळी तो व्हरांड्यात तिच्या कानाशी पुटपुटला, "मी आलो की गप्प बसायचं, हेच हा शिकला असेल तर? मी असताना खरा गॅस आला तर?"

ते तिने तपासलं नव्हतं. आता वेळही नव्हता.

तो आत आला. लवंगेचा वास तिच्यापर्यंत पोहोचला. नाकतोडा गप्प. त्याने बूच काढलं. नाकतोडा अजूनही गप्प. परीक्षकबाईंनी चष्मा वर सरकवला. तिला मावशीच्या हातातली काडेपेटी दिसली... आणि लाल दिवा भक्कन लागला.

नाकतोडा पास झाला. हस्तांदोलनं झाली, चहा झाला. जिन्याशी तो म्हणाला, "चला, आता माझं काम संपलं."

"हो," ती म्हणाली. खरं तर भलतंच काहीतरी म्हणायचं होतं.

तो नंतर वर आला नाही. तिने सगळ्या पेन्सिली वापरून बोथट केल्या. तरी नाही.

पहिला तयार नाकतोडा मावशीच्या शेगडीवरच्या भिंतीवर बसला. तळमजल्यावरून कुणीतरी येऊन खऱ्या गॅसने तपासून जाईल, असं ऑफिसातून कळलं होतं. रविवारी दारावर थाप पडली. ती हाताची नव्हती.

तिने दार उघडलं. कपाळ लाल, हात रिकामे.

"हात तर मोकळे आहेत," ती म्हणाली.

"आज डोकं मोकळं नव्हतं."

"बाटली कुठंय?"

"ती उद्या दुसरं कुणी आणेल. मी... मी असाच आलो. रिकाम्या हाताने यायची सवय तुम्हीच लावलीत."

आतून मावशीने विचारलं, "ठमे, कोण आलंय गं? दिवा तर लागला नाही."

"नाही लागणार, मावशी," ती म्हणाली. तिची नजर त्याच्यावरून हलली नाही. "यांच्या येण्याने काहीच होत नाही, हे मी त्याला शिकवलंय." मग हळू, फक्त त्याच्यापुरतं, "मला मात्र ते शेवटपर्यंत शिकता आलं नाही."

त्याच्या गालातली लवंग एकीकडून दुसरीकडे गेली आणि कान कपाळापेक्षा लाल झाले.

"मलाही," तो म्हणाला.

"अगं, माझं नाक गेलंय, कान नाही," मावशी आतून म्हणाली. "त्याला आत घे, आणि दार लाव."

तो आत आला. भिंतीवर नाकतोडा शांत झोपला होता.