बंद खोलीचं लाईट बिल

विषय : शिरूर येथील भाड्याच्या खोलीची अनामत रक्कम परत मिळणेबाबत.
संदर्भ : अर्जदाराचा सन १९७४ चा अर्ज व त्यावरील स्मरणपत्रे, ज्यांची संख्या आता अर्जदारासही आठवत नाही.

कंदील जरा अलीकडे ओढा. विजेच्या दिव्याखाली हे प्रकरण सांगायला मला आवडत नाही. जन्मभर कारकुनी केली, तेव्हा सुरुवात विषय-संदर्भानेच होणार, त्याला इलाज नाही.

त्या साली माझी बदली शिरूरहून दौंडला झाली. बायको बाळंतपणासाठी तळेगाव ढमढेऱ्याला माहेरी होती. मुलगी सव्वा महिन्याची झाली तरी दोघींना आणता येईना, कारण दौंडचा घरमालक अनामत घेतल्याशिवाय खोली द्यायला तयार नव्हता आणि माझी सगळी पुंजी, म्हणजे दीडशे रुपये, शिरूरच्या पोपटरावांकडे अनामत म्हणून अडकलेली. मी कचेरीतच दप्तराच्या कपाटाआड पथारी टाकत होतो. सासरेबुवांची पत्रं येत. मजकूर प्रकृतीच्या चौकशीचा असे, सूर जप्तीच्या नोटिशीचा.

भाडेकरूंची एक रीत असते. अनामत हातात पडेपर्यंत ताबा सोडायचा नाही. सामान हलवलं तरी दाराला आपलं कुलूप राहू द्यायचं. मीही तेच केलं. पण माझं चांगलं कुलूप मला ट्रंकेसाठी हवं होतं. खोलीच्या खिडकीत एक जुनं पितळी कुलूप मी राहायला आलो तेव्हापासून उघडं पडलेलं होतं. त्याला किल्ली नव्हती, पण दाबलं की बसायचं. ज्याची किल्लीच कुणाकडे नाही, ते कुलूप मालक उघडणार कसा? या विचाराने मी बराच खूष झालो. मेन स्विच बंद केला, कुलूप दाबलं आणि दौंडची एसटी पकडली.

पुढे पोपटरावांचं कार्ड आलं. बंद खोलीचं लाईट बिल अवाच्या सवा आलं होतं आणि ती रक्कम ते माझ्या अनामतीतून कापणार होते. दोन वर्षं मी त्या खोलीत एक चाळीसचा बल्ब लावून राहिलो होतो. मी मीटर तपासणीचा अर्ज ठोकला, किरकोळ रजा टाकली आणि शिरूर गाठलं.

पोपटरावांची पिठाची गिरणी होती आणि तिच्या माडीवर ती खोली. भुवयांपर्यंत पिठाने पांढरे झालेले पोपटराव जिन्यातच उभे होते.

“या भाऊसाहेब. बंद खोलीचं बिल कारखान्यावानी आलंय. आत चरक लावलाय का काय उसाचा?”

“गिरणी तुमची. माझ्या मीटरवर तार कुणी टाकली असेल ते तुम्हीच बघा.”

“आसं? मंग दावा की तार.”

विजेच्या कचेरीतून आलेला वायरमन अयुब जिन्याच्या पायरीवर टेकला. दिवसभर खांब चढून त्याचा जीव मेटाकुटीला आला होता.

“भांडून घ्या मामा. मी तवर बिडी ओढतो. मीटर काय पळून जात न्हाई.”

आम्ही वर गेलो तेव्हा दिवेलागण झाली होती. मीटर दाराशेजारी, बाहेरच्या भिंतीवर होता. अयुबने झाकणावरची धूळ पुसली आणि तेवढ्यात लाईट गेली. त्या दिवसांत वीजकपात रोजचीच होती. खाली गिरणीचा पट्टा फटफटत मंद झाला, थांबला. घोडनदीपर्यंत सगळं गाव काळं पडलं. एवढा वेळ कानांत भरलेला गिरणीचा आवाज गेल्यावर एक बारीक, सलग गुणगुण ऐकू येऊ लागली.

अयुबने बॅटरी मारली. मीटरचं चाक फिरत होतं. त्यावरची तांबडी खूण काचेसमोरून जायची, मागे नाहीशी व्हायची, पुन्हा यायची. सावकाश नाही. घाईत असल्यासारखी.

“लाईट गेलीय ना?” मी विचारलं.

“गेलीय की.”

त्याने फ्यूज ओढून हातात घेतला. चाक फिरतच होतं.

मग वास आला. आलं ठेचून टाकलेल्या, पुष्कळ वेळ उकळलेल्या चहाचा. दाराच्या फटीतून येत होता.

बॅटरीचा उजेड कडीवर गेला. माझं कुलूप कडीत लोंबत होतं, उघडं. कुठे खरचटलेलं नाही, वाकलेलं नाही. किल्लीने उघडावं तसं उघडलेलं.

“हे कुलूप कुठनं आणलं तुमी?” पोपटरावांचा आवाज एकदम खाली आला.

“तुमच्याच खिडकीत होतं.”

ते भिंतीला धरून खाली बसले.

“ताईबाईचं हाय...”

ताईबाई म्हणजे माझ्या आधीची भाडेकरू, शाळेतली शिपाईबाई. एकटी. पोपटराव थांबत थांबत सांगत होते. “दौंडला लेकीकडं कायमची निघाली व्हती. डिपॉझिट मागितलं. म्या म्हनलं, लाईटीच्या शेगडीचं बिल येऊ द्या, मंग बघू. तर म्हनली, मी एक येळचा च्या करते निस्ता... आन् हे कुलूप लावून गेली. पैसं दिल्यावर खोली सोडीन म्हनली. दौंडच्या फलाटावरच जीव गेला...”

“मग?”

“मंग काय. लेकीची वाट बघितली, किल्लीवाल्याकडनं कुलूप काढलं. शेगडी भंगारात घातली.”

“आणि अनामत?”

“कुनाला देनार? लेक काय आली न्हाई.” मग ते पुटपुटले, “बिल बी व्हतंच की.”

आत कुणीतरी बशीवर कप ठेवला. चिनी मातीचा तो आवाज दुसऱ्या कशाचा असूच शकत नाही.

पोपटरावांनी बसल्या जागी हात जोडले. “ताईबाई... भाऊसाहेबाची पोर लहान हाय... दार सोडा. त्यांचं त्यांना देतो... तुमचं बी...”

गुणगुण तेवढी चालू होती. मग आतून दाराची खिट्टी अगदी सावकाश सरकली आणि बसली.

आम्ही जिना कसा उतरलो ते विचारू नका. माझी एक चप्पल वरच राहिली.

सकाळी उन्हात आम्ही तिघे पुन्हा वर गेलो. दार हाताने लोटलं तसं उघडलं. आत जमिनीवर धुळीचा थर होता, पाऊल कुठेच नव्हतं. खिडकीखाली मात्र शेगडीएवढा एक गोल स्वच्छ होता. मी तिथे तळहात टेकवला आणि लगेच उचलला. फरशी गरम होती.

अयुबने मीटरच्या दोन्ही बाजूंच्या तारा तोडल्या, मीटर पोत्यात घातला आणि पोतं सायकलला बांधलं. गाठ मारताना त्याचा हात थांबला. त्याने पोत्याला कान लावला, आमच्याकडे बघितलं नाही, सायकल हातात धरून चालत निघून गेला.

पोपटराव मला पैसे द्यायला राजी होते, पण त्यांची एक अडचण होती. “तिच्या आधी तुमाला दिलं तर ती काय म्हनंल?” तिचा हिशेब बिलावर अडलेला. बिल मीटरच्या तपासणीवर. आणि विजेच्या कचेरीचा नियम असा की, चाक पूर्ण थांबल्याखेरीज तपासणी सुरू करता येत नाही.

दौंडची अनामत शेवटी सासरेबुवांनी भरली. ते हयात असेपर्यंत हे मला विसरता आलं नाही, तशी त्यांनी व्यवस्थाच ठेवली होती. मुलगी दौंडलाच वाढली, लग्न होऊन सासरी गेली. पोपटराव गेले. गिरणी पाडली. माडीही तिच्याबरोबर गेली.

निवृत्तीनंतर एकदा शिरूरला गेलो असताना विजेच्या कचेरीच्या भांडारात डोकावलो. काढून आणलेले मीटर फळीवर ओळीने मांडलेले होते, सगळ्यांची चाकं थांबलेली. एक मात्र टोकाला वेगळा ठेवला होता. तोडलेल्या तारांची बोटभर टोकं खाली लोंबत होती. तांबडी खूण काचेसमोरून गेली. मी थांबलो. पुन्हा गेली.

भांडाराचा कारकून नवा, सभ्य मुलगा होता. दिवेलागणीच्या आत कुलूप लावायची त्याला घाई होती. मला दाराबाहेर आणत तो म्हणाला, “आजोबा, चहा घेणार का, असं इथं कुणी विचारलं तर हो म्हणू नका.”

अर्जाचं विचारलं, तर त्याने नोंद बघून सांगितलं, चाक थांबताच कळवण्यात येईल. तूर्त अर्ज प्रलंबित आहे.