ओहोटी कशी ऐकावी

"ओहोटीची कॅसेट आहे?"

काउंटरवरच्या प्रमोदिनीने मान वर केली. श्रावण सरत आला तरी पाऊस काही काढता पाय घेत नव्हता. दुकानाच्या पायरीवर एक मुलगा उभा होता. पाठीवरच्या गिटारला त्याने प्लास्टिक नीट गुंडाळलं होतं, स्वतः मात्र नखशिखांत भिजला होता.

त्र्याण्णव सालच्या ठाण्यात ओहोटीचं नाव घेणारी माणसं हाताच्या बोटांवर मोजावीत एवढीच. चार स्थानिक पोरांचा हा रॉक बँड. मराठीत गायचे, आणि तेही असं उदास की ऐकणाऱ्याचा चहा कपातच गार व्हावा. कंपन्यांनी दारात उभं केलं नाही, म्हणून त्यांनी घरच्या घरीच एक कॅसेट काढली. तिची एकुलती एक प्रत गुणाजीशेठच्या या दुकानात आली आणि विकलीही गेली. पण ती जाण्याआधी प्रमोदिनीने दुकानाच्या डेकवर स्वतःसाठी भरून घेतली होती.

कोऱ्या कॅसेटवर गिऱ्हाइकाच्या आवडीची गाणी भरून द्यायची, हा शेठचा धंदा. साठ मिनिटांच्या कॅसेटमध्ये इतरांपेक्षा एक गाणं जास्त बसवतो, ही त्याची फुशारकी. कसं बसवतो ते कोणी विचारलं नाही. शेठच्या हाताला बरकत आहे, असं म्हणून लोक खूश होते.

"विकायला नाहीये," प्रमोदिनी म्हणाली.

"म्हणजे आहे!"

"माझी आहे."

"मग भरून द्या ना."

"कोणालाही नाही देत. आधी सांगा, ऐकणार कशी?"

"कानांनी..."

तिने हसू दाबलं. "बी बाजू आधी लावायची. 'पूल' हे गाणं चालताना ऐकायचं. 'गाळ' बसून. शब्दांकडे नाही, मागे गिटार रडते ना, तिच्याकडे लक्ष द्यायचं. आणि 'परत' एकट्याने ऐकायचं नाही."

"का?"

"मी ऐकलेलं. दोन दिवस जेवण गेलं नव्हतं."

"मग कोणाबरोबर ऐकू?"

प्रमोदिनीला अचानक कोरी कॅसेट शोधण्याचं फार मोठं काम निघालं.

तो कोपरचा गुरुदत्त. ओहोटीचा गिटारवाला सोडून गेला होता आणि भाद्रपद संपता संपता ते नवा घेणार होते. गुरुदत्तच्या वडिलांनी अट घातली होती — बँडने घेतलं तर राहा, नाहीतर मस्कतला काकाकडे नोकरी तयार आहे, गुपचूप विमानात बस. पासपोर्ट तर कपाटात येऊन पडलाच होता.

"तू त्यांना बघितलंयस?" त्याने एकदा विचारलं. तोवर 'तुम्ही'चं 'तू' झालं होतं.

"मी? संध्याकाळच्या कार्यक्रमाला? आमच्या घरून?" ती बाळकुमची. घरची मिठागरं विकली गेली होती, पण वडिलांचा दरारा काही विकला गेला नव्हता. "तू?"

"दोनदा," तो म्हणाला, आणि त्याने घाईने विषय बदलला.

दुकान बंद असेल त्या दुपारी दोघं बाळकुमच्या खाडीवर भेटू लागली. आभाळ कायम भरलेलं, पाणी मातकट, आणि चिखलात रुतलेल्या दोनचार होड्या. वॉकमनच्या वायरचं एक टोक तिच्या कानात, एक त्याच्या. वायर आखूड, त्यामुळे जवळ बसणं भागच होतं... आणि मोठी वायर आणायची आठवण दोघांनाही होत नव्हती, हेही खरं.

ती गायची, तो वाजवायचा. सुरुवात करण्याआधी तो गिटारच्या खुंट्या पिळायचा.

"एवढ्या ताणतोस कशाला? तुटतील ना तारा."

"तुझ्या गाण्याला एवढ्या लागतात."

"चल, काहीतरीच!" ती म्हणाली. पण ते वाक्य तिने घरी नेलं आणि रात्रभर उशाशी ठेवलं. प्रेम म्हणतात ते हेच, हे कळायला तिला दुसऱ्या कोणाला विचारावं लागलं नाही. त्याची निवड व्हावी म्हणून तिने गावदेवीला नारळ बोलला. 'परत'मधली अवघड जागा त्याच्याकडून इतक्या वेळा घोटून घेतली, की शेवटी तो वॉकमनशिवायही अगदी कॅसेटसारखा वाजवू लागला.

"आता तुला नाही म्हणायची कोणाची टाप आहे?" ती म्हणाली.

तो वाकून गिटारला प्लास्टिक गुंडाळू लागला.

निवडीच्या दुसऱ्या दिवशी तो दुकानात आला. प्रमोदिनीने त्याचा चेहरा पाहिला आणि हातातली कॅसेट खाली ठेवली.

"नाही झालं," तो म्हणाला.

"असं कसं? तू तर..."

"मी पुढे पळत होतो. ड्रम मागे, मी पुढे. पुन्हा सुरू केलं, पुन्हा तेच. शेवटी रघु, त्यांचा गाणारा, म्हणाला, तुला कुठे जायची घाई आहे का रे?"

"पण तू अगदी कॅसेटसारखं वाजवतोस!"

"हो ना," तो हळूच म्हणाला. "तुझ्या कॅसेटसारखं. ती पळते, प्रमोदिनी. स्टेजवर त्यांची गाणी बरीच संथ आहेत."

तिने मागे वळून दुकानाच्या डेककडे पाहिलं. एक गाणं जास्त! शेठची बरकत हाताला नव्हती, डेकच्या आतल्या स्क्रूला होती. मूळ कॅसेट जोरात फिरवायची, की सूर चढतो, प्रत्येक गाणं थोडं आखूड होतं आणि शेवटी एकाची जागा निघते. गिऱ्हाइकं म्हणायची, तुमच्याकडे आवाज काय खुलतो!

"तुला माहीत होतं?"

"पहिल्या दिवसापासून. म्हणून तर तारा चढवायचो. काल जाताना उतरवल्या... पण हात नाही उतरले."

"मग बोलला का नाहीस?"

"तू मला ओहोटी कशी ऐकायची ते शिकवत होतीस. डोळे मिटून गायचीस. तुला कुठल्या तोंडाने सांगू, की हे असं नाहीये? वाटलं, तिथे गेल्यावर आपोआप जमेल. आणि खरं सांगू... मला तुझंच आवडायला लागलेलं."

"आग लागो तुझ्या आवडण्याला!" प्रमोदिनी ओरडली. "एक शब्द बोलला असतास तर इथे राहिला असतास ना रे!"

आणि भर दुकानात, गिऱ्हाइकांसमोर, ती हमसून हमसून रडली. तो निघून गेल्यावर तिने स्क्रू-ड्रायव्हर घेतला आणि डेकचा स्क्रू मागे फिरवला. शेठ अंगावर धावून आला. "एक गाणं कमी बसेल, त्याचं काय?"

"कमी बसू दे," ती म्हणाली. शेठने तिचे डोळे पाहिले आणि तो गिऱ्हाइकाकडे वळला.

जाण्याच्या आदल्या दिवशी गुरुदत्त शेवटचा खाडीवर आला. पाणी उतरलं होतं, नुसता गाळ उघडा पडला होता. वॉकमन त्याने आणला नव्हता. खुंट्याही पिळल्या नाहीत.

"'परत' ऐक," तो म्हणाला. "जसं आहे तसं."

त्याने सुरू केलं. किती संथ होतं ते! सवयीने ती गाऊ लागली आणि पहिल्याच ओळीत पुढे निघून गेली. थांबली. तो मागून आला. दुसऱ्या ओळीला पुन्हा तेच. ओळ संपवायची आणि त्याचे सूर पोचेपर्यंत गप्प राहायचं... ती त्याच्या बोटांकडे बघत राहायची. गाणं तिला वाटलं होतं त्याहून कितीतरी उदास होतं, आणि तरीही ते संपू नये असं वाटत होतं.

संपलंच शेवटी.

"दोन वर्षांचा करार आहे," तो म्हणाला. "मध्ये सुट्टी नाही."

"आमच्याकडे दिवाळीनंतर पाहुणे येणारेत. मला बघायला."

मग त्याने गिटारवरचा हात उचलून तिच्या हातावर ठेवला. तारांनी बोटांना घट्टे पडले होते.

"माझं प्रेम आहे तुझ्यावर... थांबशील?"

घरी काय वादळ उठेल ते तिला दिसत होतं. तरी तिने हात काढून घेतला नाही.

"आत्ता प्रत्येक ओळीला थांबलेच ना?" ती म्हणाली. "तू फक्त ये."