साठ वॅटची ऊब

"बंद बंगल्यात वाजवतंय कोण?"

कुणालीचे हात पियानोच्या पट्ट्यांवरच थांबले. खिडकीच्या गजांबाहेर एक तरुण उभा होता. खाकी शर्ट, खांद्यावर दोराचं वेटोळं, कमरेला पक्कड. पावसाची सर नुकतीच ओसरली होती आणि त्याच्या हेल्मेटवरून अजून थेंब गळत होते.

"इथं कोणी राहत नाही. मी फक्त वाजवायला येते. आपण?"

"ओमकार. वायरमन. नवीन बदली झालीय टोकावड्याला." त्याने खिशातला कागद उलगडला. "सहा महिन्यांचं रीडिंग बघतोय. चाळीस, एक्केचाळीस, चाळीस... घराला कुलूप, मग एवढी लाइट खातंय कोण?"

कुणाली उठली आणि तिने पियानोची खालची फळी बाजूला काढली. आत, तारांच्या पायथ्याशी, एक पिवळा बल्ब जळत होता.

ओमकार गजांना नाक लावून बघत राहिला. "देव बसवलाय का आत?"

तिला हसू आलं. "दमट हवेनं लाकूड फुगतं, पट्ट्या अडकतात. म्हणून रात्रंदिवस बल्ब. साठ वॅट, चोवीस तास, तीस दिवस — म्हणजे त्रेचाळीस युनिट व्हायला हवीत. दोन-तीन कमी भरतात, ती तुमची लाइट जाते म्हणून."

"म्हंजे चोर आमीच निघालो!" तो म्हणाला. मग कागदाची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली... आणि तरी निघेना.

कुणाली मुरबाडला ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवायची. बंगला फर्नांडिस मिसचा, आणि त्याची राखण कुणालीच्या वडिलांकडे, सावळारामकडे. ती पाचवीत असल्यापासून मिसने तिला दर सुट्टीत शेजारी बसवून शिकवलं होतं. आता मिस ऐंशीच्या झाल्या होत्या, वांद्र्याहून इथवर येणं त्यांना झेपत नव्हतं. बंगला विकला गेला होता, दिवाळीनंतर ताबा द्यायचा होता. राहिला पियानो.

"पुढच्या महिन्यात, पहिल्या रविवारी, पाच वाजता मला फोनवर वाजवून दाखव," मिस म्हणाल्या होत्या. "अजून नुसतं बरोबरच वाजवत असशील, तर तो इथल्या एका शाळेला देईन. जो त्याला बोलतं करील त्याच्याकडेच तो राहायला हवा."

नुसतं बरोबर. तेच तर तिचं दुखणं होतं. पट्टी दाबली की हातोडी तारेवर आदळण्याआधीच सुटी होते, त्यानंतर कितीही जोर लावा, सुराला काही कळत नाही, हे ती वर्गात शिकवू शकली असती. तरी तिच्या हातून येणारा सूर फळ्यावर खडूने लिहिल्यासारखा येई. स्वच्छ, वाचता येणारा, कोरडा.

पुढच्या शनिवारी ओमकार हातात खोका घेऊन हजर.

"नऊ वॅटचा एलईडी. उजेड तेवढाच, युनिट मात्र सहा-सात. माझ्याकडनं."

कुणालीने खोका हातात घेतला. आता हसावं की नाही, तिला कळेना. "ओमकार, हा गरम होत नाही."

"तेच तर चांगलं हाय ना?"

"मला उजेड नकोय. ऊब हवीय."

बोलून गेल्यावर तिच्या कानाच्या पाळ्या तापल्या. त्याने मान खाली घातली, पण हसू काही त्याला लपवता आलं नाही. "बरं. मग जुने बल्ब शोधतो. शहापूरला एका दुकानात मिळतील. शोधायला टाइम लागंल, म्हंजे... मधे मधे सांगायला यावं लागंल."

तो मधे मधे येऊ लागला. कधी बल्ब घेऊन, कधी नुसताच. पायरीवर बसून ऐकायचा. एकदा ती मधेच थांबली तेव्हा म्हणाला, "एक विचारू? रागावणार नाय ना?"

"विचारा."

"तुमचे खांदे दुखत नाय?"

दुखत होते. रोजच दुखत. पण त्याला कसं कळलं?

"नवीन पोरं पोलवर चढली का अशीच करतात. भीतीनं पोललाच मिठी मारतात. दहा मिनटांत हात लटपटतात, मग नट काय फिरवणार? बेल्टवर मागं रेलायचं असतं. सगळं वजन त्याला देऊन टाकायचं. मग हात मोकळे."

"आणि बेल्ट तुटला तर?"

"चढायच्या आधी तपासायचा. एकदा तपासला, का भरवसा ठेवायचा. अर्धा भरवसा लय वाईट. धड काम नाय, धड उतरणं नाय."

कुणालीने पट्ट्यांवरचे हात उचलून मांडीवर ठेवले. 'दाबू नकोस, हात सोड,' मिस पंधरा वर्षं हेच सांगत होत्या. तिने ते सूत्रासारखं पाठ केलं होतं. पण वजन सोडायचं तर खालचं कोणीतरी ते झेलेल, असं वाटावं लागतं... आणि तिने आजवर कशावरच पुरतं वजन टाकलं नव्हतं.

मिसना वाजवून दाखवायच्या रविवारच्या आधी, शुक्रवारी वादळ झालं. घाटाखालचे सात पोल आडवे झाले, लाइट गेली. शनिवारी दुपारी कुणालीने पियानो उघडला तेव्हा बल्ब गार होता. वरच्या चार पट्ट्या दाबल्या की खालीच राहत होत्या. ओमकारचा फोन लागत नव्हता.

"वायरमन सगळे पोलवरच हायेत गो, कालपास्नं," सावळाराम म्हणाला. "तो तुझा बल्बवाला पण."

"माझा कुठला, बाबा?"

"बरं, पियानोचा," म्हणून तो चहा ठेवायला निघून गेला.

रविवारी सकाळी ती फळी काढून पियानोपाशी जमिनीवरच बसून राहिली. साडेदहाच्या सुमारास आतल्या काळोखात पिवळा उजेड पडला. तिने बल्बच्या काचेजवळ तळवा धरून पाहिला. कोमट... मग गरम. कुठल्या तरी पोलवर, बेल्टवर रेललेला एक माणूस आत्ता हात पुसत असेल, असं तिच्या मनात आलं.

पाच वाजेपर्यंत तीन पट्ट्या मोकळ्या झाल्या. एक अजून जड होती. फोन स्पीकरवर ठेवून कुणालीने डोळे मिटले आणि मिसने शिकवलेली दोन पानांची एक संथ रचना सुरू केली. या वेळी तिने मोजलं नाही. खांद्यांपासून हात सोडून दिले — पहिल्यांदा, पुरते. बोटं पट्ट्यांच्या तळाशी टेकत होती आणि तिथून पुढच्या पट्टीवर वजन घेऊन जात होती, जणू भिजल्या बांधावरून कोणी सावकाश चालत यावं. जड पट्टीशी सूर किंचित उशिरा आला. तिने त्याची वाट पाहिली. तो आला तेव्हा इतका भरून आला, की तिचेच डोळे उघडले.

शेवटचा सूर विरल्यावर फोनवरून मिसचा आवाज आला.

"तुझ्याबरोबर कोण आहे तिथं?"

"कोणी नाही, मिस. बल्ब पेटलाय फक्त."

"हं." मिस हळूच हसल्या. "पियानो तुझा. टेम्पो मी पाठवते. आणि तो बल्ब विझू देऊ नकोस."

फोन ठेवते तोच पायरीवर बूट वाजले. ओमकार. चिखलाने माखलेला, डोळे तांबारलेले.

"मीटर बघायला आलो."

"रविवारी?"

"...नाय. ऐकायला आलेलो. बाहेरच उभा होतो मघापास्नं."

कुणाली बाकावर सरकली. "बसा. एक पट्टी वाजवा. दाबायची नाही, नुसता हात सोडायचा."

त्याने शर्टाला हात पुसला आणि एक बोट ठेवलं. सूर ठक्क करून आला. तिने त्याच्या मनगटाखाली आपला तळवा धरून पाहिला. मनगट पार ताठ होतं.

"पोलवर मोकळे असतात म्हणे हात?"

"पोलवर तुमी नसता ना शेजारी."

बाहेर पागोळ्या गळत होत्या. तिने तळवा काढून घेतला नाही. वाट पाहिली, जड पट्टीची पाहिली होती तशीच. हळूहळू त्या मनगटातला ताठपणा गेला आणि त्याच्या हाताचं सगळं वजन तिच्या तळव्यात आलं.

"हं," ती म्हणाली, "आता बरोबर... नाही, बरोबरपेक्षा बरं." आणि तिने आपलं डोकं त्याच्या चिखलाने माखलेल्या खांद्यावर सोडलं.