कारणाचा रकाना

केशर मुळीकच्या फाइलमध्ये ‘दुखण्याचे कारण’ असा एक रकाना होता, आणि अकरा महिन्यांत तो तीनदा भरला गेला होता. आधी ‘मणक्यातील चकती’, मग ‘वय व वजन’ आणि शेवटी ‘रुग्णाचे असहकार्य’. पहिल्या दोन वेळा तिला वाईट वाटलं होतं. तिसऱ्या वेळी तिच्या अंगाचा तिळपापड झाला, आणि त्या रागाच्या भरातच ती डॉ. इरावती ढवळे यांच्या कंडरा-प्रयोगशाळेचा जिना चढून आली. जिना चढणं तिला मुळीच सोपं नव्हतं. उजव्या कुल्ल्यातून निघालेली कळ मांडीच्या बाहेरच्या अंगाने गुडघ्यापर्यंत उतरायची आणि प्रत्येक पायरीला नव्याने उठायची.

“उजव्या कुशीवर झोपता येतं?” इरावतीने विचारलं.

“अकरा म्हयनं न्हाई.”

“आणि एका पायावर उभं राहून विजार घालता येते?”

“भित धरावी लागती. पर हे मला पयल्यांदाच कुणीतरी इचारलं बघा.”

“याआधी कुणीच विचारलं नाही?”

“इचाराया मानूस कुठं हाय? निदानिका हाय की.”

निदानिका म्हणजे दूधसंस्थेने कामगारांच्या आरोग्यासाठी बसवलेली संगणकप्रणाली. शहराबाहेरच्या सात मजली गोठ्यात, चौथ्या मजल्यावर, केशर मुकादम होती. साठ म्हशी आणि अठरा बायका तिच्या हाताखाली. त्या अठरांपैकी दहा जणींना आणि स्वतः केशरला, अशा अकरा बायकांना गेल्या वर्षी हेच दुखणं लागलं. निदानिकेने अकराही जणींच्या पाठीची आतली चित्रं काढली आणि चकती थोडी पुढे आलेली पाहून तिला दोषी ठरवलं. पन्नाशीच्या आसपास निम्म्या माणसांची चकती अशी पुढे आलेली असते, दुखत असो वा नसो. पण पाठीचं चित्र समोर होतं आणि खुब्याचं कुणी काढलंच नव्हतं, म्हणून चकती सापडली एवढंच.

उपचार ठरला तो असा: उताणं झोपायचं, उजवा पाय डाव्यावरून आडवा घ्यायचा आणि गुडघा विरुद्ध खांद्याकडे ओढायचा. चाळीस वेळा, दिवसातून तीनदा. मांडीला बांधलेला पट्टा ओढी मोजायचा. कुणी लबाडी करून तो पंख्याला बांधू नये म्हणून अंगाची ऊब आणि नाडीही तपासायचा. उद्या दुपारी संस्थेची समिती गोठ्यात बसणार होती आणि तिने असहकार्याचा शेरा कायम केला की केशरला मजल्यावरून काढून टाकणार होते.

“गोठ्याबिगर मी करू काय? म्हशी मला पावलावरनं वळखत्यात,” केशर म्हणाली.

नियमानुसार निदानिकेचे निर्माते डॉ. निरंजन शेजवलकर तपासणीला हजर होते. गृहस्थ सभ्य होते, हळू बोलत होते, आणि पेशंटकडे न बघता पडद्याकडे बघत होते.

“तुमचं हे कंडरालेखन नेमकं वाचतं काय?” त्यांनी इरावतीला विचारलं.

“स्नायूला हाडाशी बांधणारी दोरी म्हणजे कंडरा. तिच्यावर ताण आला किंवा ती चेपली गेली, की ती स्वतःची डागडुजी करते आणि नवे धागे घालते. कधी, किती जोरात आणि कुठल्या दिशेने भार आला, ते त्या धाग्यांच्या रचनेत उरतं. ध्वनिलहरींनी ते मागे वर्षभरापर्यंत वाचता येतं. माणूस विसरेल, खोटं बोलेल, पण कंडरेवर जे झालं ते झालं.”

केशर डाव्या कुशीवर झोपली. इरावतीने तिच्या खुब्यावरून यंत्राचा हात फिरवला. पडद्यावर काळ्या पट्ट्या उमटत गेल्या, एका दिवसाला तीन. रविवार सुटला नव्हता, दिवाळीचा पाडवा सुटला नव्हता, तिच्या भावाच्या तेराव्याचा दिवससुद्धा सुटला नव्हता.

“हिला तुम्ही असहकारी म्हणता?” इरावतीचा आवाज चढला. “हे बघा. खुब्याच्या बाहेरच्या अंगाला हाडाचा उंचवटा असतो. पाय आडवा ओढला की कंडरा त्या उंचवट्यावर चेपली जाते. सुरुवातीचं दुखणं कामामुळे होतं, एका पायावर भार टाकून खुबा बाहेर काढून तासन् तास उभं राहिल्यामुळे. ते इथे संपलं. पुढची प्रत्येक चेपणी तुमच्या व्यायामाची आहे. दिवसाला एकशेवीस.”

“दूध काढायच्या नळ्या तवाच वर घेतल्या,” केशर पडल्यापडल्याच म्हणाली. “मीच मागं लागून करून घेतलं. वाकडं हुबं ऱ्हायाचं त्यापास्नं बंद झालं.”

शेजवलकरांनी चष्मा पुसला. “समजा, तुमचं खरं आहे. मग बाकीच्या दहा जणी बऱ्या कशा झाल्या? तोच मजला, तेच दुखणं, तोच व्यायाम. ज्यांची उपचारनिष्ठा जास्त, त्या आधी बऱ्या झाल्या. हा आलेख इतका सरळ आहे की मी पाठ्यपुस्तकात छापेन. मुळीकबाई कळ आली की हात ढिला सोडतात, त्यांची निष्ठा एकसष्ट टक्के. ही सगुणा पोवार पाहा. शंभर टक्के! नाडी अठ्ठेचाळीस, खेळाडूची असावी तशी. अशा आदर्श रुग्णांच्या हालचालींवरूनच निदानिकेने व्यायाम सुधारला. दोन संथ ओढी आणि मग बाजूला एक झटका.”

“त्यो झटका सुरू केल्यापास्नं दुखनं दुप्पट झालं,” केशर म्हणाली. “आनि सगुणा दोन जिनं चढली की धापा टाकती. तिची नाडी अठ्ठेचाळीस कुटली?”

ती उठून बसली आणि सगुणाच्या हालचालीचा आलेख टक लावून बघत राहिली. बोटाने हवेत काहीतरी मोजत होती. एक, दोन, झटका. एक, दोन, झटका. मग मध्येच लांब विसावा.

“उद्याची बैठक गोठ्यातच हाय न्हवं?” तिने विचारलं, आणि कुणी हो म्हणायच्या आत जिना उतरू लागली.

सकाळी सगुणा चारा टाकत होती. केशरने तिला बाजूला घेतलं.

“कुटल्या म्हशीला बांधतीस?”

सगुणाच्या हातातली पेंढी खाली पडली. “चंद्रीला,” ती म्हणाली आणि रडायलाच लागली. “आक्का, दोन दिस केलं की समद्यांचं वाढलं. पट्ट्याला सांगितलं तर त्यो म्हनला निष्ठा कमी हाय. मग शेपटीच्या बुडाला बांधला. तितं नाडी लागती, ऊब हाय. आमी बऱ्या झालो.”

“आनि मला?”

“तू मुकादम. तुला सांगितलं असतं तर तू वर कळवलं असतंस.”

सगुणा म्हणत होती ते खरंच होतं. केशरने कळवलं असतं. उलट गेले अकरा महिने तीच रोज या बायकांना दटावत होती, की व्यायाम चुकवू नका गं.

दुपारी समिती चौथ्या मजल्यावर खुर्च्या मांडून बसली. अध्यक्ष जगदाळे यांनी आधीच सांगून टाकलं, की संस्थेच्या नियमाप्रमाणे निदानिकेचा निर्णय अंतिम असतो, तेव्हा उगाच वेळ घालवू नये. शेजवलकर बाजूला बसले होते. इरावती कंडरालेख घेऊन उभी होती, पण तो बघायला कुणी मान वर करत नव्हतं.

“साहेब, आजचा दुपारचा व्यायाम ऱ्हायलाय,” केशर म्हणाली. “तुमच्याम्होरं करू?”

जगदाळ्यांनी घड्याळ पाहत होकार दिला.

केशरने मांडीचा पट्टा सोडला, बाहीने पुसला आणि चार पावलांवर बांधलेल्या चंद्रीच्या मागे जाऊन शेपटीच्या बुडाशी आवळला. गुराची नाडी तिथे बघतात हे गोठ्यातल्या कुणालाही शिकवावं लागत नाही. निदानिका बनवणाऱ्यांच्या मात्र ते डोक्यात आलं नव्हतं. भिंतीवरच्या पडद्यावर अक्षरं उमटली: ‘केशर मुळीक. ऊब योग्य. नाडी योग्य. प्रारंभ करावा.’

सात मजली असला तरी गोठा तो गोठाच, माशा होत्याच. चंद्रीने शेपूट हलवलं. दोनदा संथ, मग माशी बसली तसा बाजूला झटका. आकडा वाढत गेला. समितीतला एक जण हसायला लागला आणि शेजवलकरांचा चेहरा बघून गप्प झाला. चाळीस पूर्ण व्हायला पाव तास लागला. मग पडदा हिरवा झाला:

‘रुग्ण केशर मुळीक. उपचारनिष्ठा शंभर टक्के. असहकार्याचा शेरा रद्द. सेवेस पात्र. इतर सर्व रुग्णांसाठी मात्रा चाळीसवरून साठ करण्यात येत आहे.’

“बंद करा ते!” शेजवलकर ओरडले. त्यांचा हळू आवाज पहिल्यांदाच सुटला होता.

“का?” इरावतीने विचारलं. पडद्यावरची ही लय तिने काल आदर्श रुग्णांच्या आलेखात पाहिली होती. “यंत्र चुकलेलं नाही, डॉक्टर. ज्यांनी व्यायाम केलाच नाही, त्या आपोआप बऱ्या झाल्या आणि त्यांच्या नावावर म्हशीचा व्यायाम चढला. जिने खरोखर केला, ती दुखत राहिली आणि कळ येऊन हात ढिला सुटला म्हणून कामचुकार ठरली. त्यावरून यंत्राने काढला तोच निष्कर्ष कुणीही काढला असता. फक्त खुब्याला हात लावून बघितलं असतं, तर नसता काढला. महिनोन् महिने तुम्ही एका माणसाकडून म्हशीच्या शेपटीची नक्कल करून घेतलीत. माशा नसताना!”

जगदाळ्यांनी घसा साफ केला. “झालं ते गंभीर आहे. ज्या दहा जणींनी संस्थेची फसवणूक केली, त्यांची नावं मुळीकबाईंनी मुकादम म्हणून लिहून द्यावीत. मुळीकबाईंची नोकरी अर्थातच सुरक्षित आहे.”

मजल्यावर बायका येऊन उभ्या होत्या. सगुणा सगळ्यांत मागे होती. केशर लंगडत टेबलापाशी आली.

“नावं पायजेत? तुमच्या औषदानं बऱ्या झाल्या म्हनून ज्यांची नावं तुमी भिताडावर लावलीसा, तीच हायती की. वाचा! मी खरं केलं तवा मला खोटी म्हनलासा. आत्ता तुमच्या डोळ्याम्होरं खोटं केलं तर शंभर टक्के! मग कुणावर कारवाई करताय? म्हशीवर?”

चंद्री रवंथ करत होती.

“मला लै राग आलाय साहेब,” ती सावकाश म्हणाली. “तुमच्यावर हायच. पर माझ्यावर जास्त. पाय वरडून सांगत हुता आनि मी पट्ट्याचं ऐकत हुतो.”

इरावतीने तिला हाताला धरून खुर्चीवर बसवलं. केशरने सवयीने पायावर पाय टाकला, इरावतीने तो अलगद खाली ठेवला. “हे आजपासून बंद. ओढणंही बंद. खुब्याला हळूहळू बळ आणायचं, मी शिकवते. तीन-चार महिने लागतील.”

मग तिने फाइल उघडली. कारणाच्या रकान्यातली तिसरी नोंद खोडली आणि जगदाळ्यांची सही घेण्यासाठी चौथी लिहायला पेन टेकवलं.

“खुब्याची कंडरा चेपली, असं लिहिते.”

“ते खाली लिवा,” केशर म्हणाली. “वर लिवा, सांगितलेलं समदं केलं.”

इरावतीने तसंच लिहिलं, आणि फाइल सहीसाठी जगदाळ्यांपुढे सरकवली.