शिंगांच्या रंगाची विनाशिका

"हात नको लावू, तारे! क्षेपणास्त्रं मोडतील!" वसंता ओरडला.

ताराने हात मागे घेतला. आज एक मे. सकाळीच निकाल लागला होता आणि सातवीत ती पहिली आली होती. पण वाटूर गावात कुणाला त्याचं काय! वसंताचा भाऊ धर्मराजदादा नौदलातून सुटीवर आला होता आणि आपल्या विनाशिकेची, म्हणजे युद्धनौकेची, हातभर लांब लाकडी प्रतिकृती घेऊन आला होता. संध्याकाळी शाळेत त्याचा सत्कार होता. तारा नुसती जळत होती.

"हिच्या भिंती तिरप्या का हो, दादा?" मैत्रीण कौसल्याने विचारलं.

"रडारच्या लहरी भलतीकडं उडाव्यात म्हणून. एवढी मोठी, पण शत्रूला होडीएवढी दिसती!"

"मोडली तर बरं होईल!" तारा पुटपुटली. ते सगळ्यांनी ऐकलं.

आणि दुपारी विनाशिका गायब!

"तूच नेली! जळकुकडी!" वसंता रडवेला झाला.

जळकुकडी ती होतीच, पण चोर बिलकुल नव्हती! कौसल्याला घेऊन तिने वसंताच्या घराची ओसरी धुंडाळली. एका कोनाड्यात नुसताच लाल गोल डाग होता.

"इथं कारभारीकाकांचा, बैलांच्या शिंगांच्या रंगाचा डबा असतो," कौसल्या म्हणाली. "पण पोळा तर श्रावणात! मग आत्ताच डबा कशाला नेला?"

"कारभारीकाका! तू दादाला बोलाव, जल्दी!" म्हणत तारा गोठ्याकडे पळाली.

खिडकीतून पाहते तो काय! वसंताचे काका ब्रश घेऊन विनाशिकेसमोर बसले होते.

"नुसता अस्तराचा रंग मारून सोडलं बिचारीला," ते पुटपुटत होते. "सत्काराला अशी राखाडी न्यायची? मस्त लाल करतो!"

करू दे! गाव हसू दे वसंताला! तारा नुसती बघत राहिली. ब्रश टेकला, ठिपका उमटला. तेवढ्यात वसंताचा रडवेला चेहरा तिच्या डोळ्यांपुढे आला.

"काका, मागं बांधलेला बैल सुटला!"

काका धावले मागच्या दाराने. तारा विनाशिका उचलून पुढच्या दाराने! समोरच दादा, कौसल्या आणि वसंता. बैल जागेवरच पाहून काकाही परतले.

सगळं ऐकून तो पोट धरून हसला. "काका, समुद्रात दिसू न्हाई म्हणूनच ती राखाडी! शाब्बास, तारा! जहाज रडारला चकवतं, तू काकांना!"

"पहिला नंबर उगाच न्हाई आला पोरीचा!" काकाही ओशाळून म्हणाले.

आता सगळं कौतुक ताराचं, आणि वसंताचं तोंड एवढंसं झालं. ते तोंड ताराच्या चांगलंच ओळखीचं होतं.

"हा ठिपका माझ्यामुळे पडला," ती हळूच म्हणाली. "मी आधी नुसती बघत राह्यले."

वसंताने ठिपका निरखला. मग त्याने रॉकेलची चिंधी तिच्या हातात दिली.

"पूस मंग. पण क्षेपणास्त्रं सांभाळून!"