आखूड बाही

समोरच्या घड्याळ दुरुस्तीच्या दुकानात तो नवीन आला, आणि पहिल्याच दिवशी कोटाचं तुटलेलं बटण घेऊन माझ्या शिवणयंत्रापुढे उभा राहिला.

“घड्याळाची इवलाली चाकं बसवतो, पण बटण काही जमत नाही हो!”

मी त्याचं नावच टिकटिक ठेवलं. पुढे त्याची बटणं जरा जास्तच तुटायला लागली… मला काय कळत नव्हतं?

नाताळच्या दिवशी सकाळी मात्र तोंड पाडून आला. “दुसऱ्या शहरात मोठी नोकरी मिळतेय. उद्या कळवायचंय. जाऊ?”

“जा की! कोण अडवतंय?”

मेली माझी जीभ! लगेच चावली, पण तो रस्ता ओलांडून गेलासुद्धा.

संध्याकाळी चौकात नुसती धमाल. आमच्याकडे नाताळ सगळ्यांचा. फळवाले चाचा नमाज आटोपून कागदी चांदणी टांगतात, चर्चची मंडळी गाणी म्हणतात, आणि देवपूजेशिवाय चहाला न शिवणारे औषधवाले काका दरवर्षी सांताक्लॉज होतात. पोरं त्यांच्या कानात इच्छा सांगतात. यंदाचा लाल झगा मी शिवलेला. बघते तर काय, बाही चांगली दोन बोटं आखूड! टिकटिकशी गप्पा मारत कापड कापलंस ना, भोग आता!

पोरं पांगली तशी मीच काकांच्या कानाशी वाकले. अगदी भरून आलं होतं.

“काका, हसू नका हं… तो टिकटिक जायला नको. मला आवडतो तो. खूप.”

एवढ्यात मागून काठी टेकत कोणीतरी आलं. “काय गं, बसला ना माझा झगा त्या घड्याळवाल्याला? ऐन वेळी गुडघ्यानं दगा दिला बघ!”

औषधवाले काका! म्हणजे हा…?

“अगं बाई!” मी पळणारच होते. पण माझ्या गळ्यातल्या मोजपट्टीचं टोक त्या आखूड बाहीतल्या हातानं धरून ठेवलं होतं. कापसाची दाढी हनुवटीखाली घसरलेली, कान झग्याहून लाल.

“माप घे,” तो म्हणाला. अहो-जाहो कुठल्या कुठे गेलं होतं.

“आत्ता? कशाला?”

“पुढच्या नाताळला बाही नीट हवी. मी इथेच असणार आहे… अडवणारं भेटलंय मला.”

काका खो-खो हसत होते. मी माप घेतलं खरं. पण किती भरलं म्हणाल, तर… पट्टीकडे बघितलंय कोणी?