बिनचूक पान शिपायाच्या हाती

त्यांची पहिली भेट घडवून आणली ती हवेत तरंगणाऱ्या एका इमारतीने.

इमारत अर्थातच कागदावरची. इमारतींची गणितं करणाऱ्या त्या ऑफिसात साहेबांचा एक हट्ट होता. नव्या माणसाने पहिलं वर्षभर रोज एक छोटी चौकट, म्हणजे दोन-चार खांब आणि वरच्या तुळया, आकड्यांची मॅट्रिक्स मांडून हाताने सोडवायची. संगणक हे काम चुटकीसरशी करतो हे साहेबांना ठाऊक होतं. पण तो चुकला तर कळणार कुणाला, असं ते विचारत. ही सरावाची पानं तपासायचं काम तिच्याकडे होतं. तिच्या माघारी सगळे तिला ‘चाळणी’ म्हणत. तिला ते माहीत होतं, आणि त्यात वाईट वाटण्यासारखं काही आहे असं तिला वाटत नव्हतं.

तिचा नियम साधा होता. बिनचूक पान शिपायाच्या हाती परत जाई. चुकीचं पान घेऊन ती स्वतः जाई, कारण समोरासमोर समजावलं नाही तर तीच चूक पुन्हा दारात हजर होते.

नव्याचं पहिलंच पान चुकीचं निघालं.

“तुमची इमारत जमिनीला कुठे टेकलीय?” तिने विचारलं.

तो धडपडून उभा राहिला. कपाळावर पेन्सिलीचा डाग होता. “खाली... चारही खांबांना.”

“ते चित्रात. गणितात सांगायला विसरलात. मॅट्रिक्सच्या लेखी ती हवेत आहे, जरा ढकललं की चालायला लागेल. म्हणून उत्तर येत नाहीये.”

त्याने पानाकडे पाहिलं, मग तिच्याकडे. “म्हणजे मी दुपारपासून तरंगत्या घराशी झटापट करतोय?”

“सकाळपासून. वेळ तुम्हीच टाकलीय वर.”

तो मोकळेपणी हसला. तिलाही हसू आलं, ते तिने पुढच्या ओळीवर बोट ठेवून कसंबसं दडवलं.

त्यानंतर पंधरा दिवस त्याची पानं बिनचूक आली आणि शिपायाच्या हातून परत गेली. मग मात्र जवळपास दर आठवड्याला एक चूक येऊ लागली. ती पान घेऊन जाई, शेजारची खुर्ची पुसून तयारच असे. चूक समजावायला पाच मिनिटं पुरत... पण मग त्याला एक शंका येई, तिला एक जुनी गोष्ट आठवे, आणि चहा निवून जाई.

“ताई, तुझा नवा या आठवड्यात किती वेळा चुकला?” घरी धाकटी बहीण विचारी.

“माझा काय म्हणून? ऑफिसचा.”

“बरं बाई, ऑफिसचा. किती वेळा?”

“एकदा.”

“अरेरे... एकदाच?”

सहा महिने भरत आले तेव्हा साहेबांनी तिला बोलावलं. “एकोणीस चुका! असा माणूस कायम करायचा का? तुम्ही शुक्रवारपर्यंत लिहून द्या, मी सही करतो.”

तो जाऊ नये, असं तिला फार वाटलं. इतकं वाटलं, की तिला स्वतःचीच धास्ती वाटली. म्हणून तिने सगळी पानं पुन्हा काढली.

पहिल्या पानावरची चूक खरीच होती. उरलेल्या अठरा पानांवर मात्र एकाच जातीची. अशा मॅट्रिक्समध्ये तिसऱ्या ओळीतला पाचवा आकडा आणि पाचव्या ओळीतला तिसरा आकडा एकच असावा लागतो. खांब-तुळईच्या एका सांध्याचं हलणं दुसऱ्याला जेवढं जाणवतं, तेवढंच दुसऱ्याचं पहिल्याला. प्रत्येक पानावर या जोडीतला एक आकडा चुकलेला होता, दुसरा बरोबर. तिने चुकीचा आकडा धरून एक चौकट सोडवून पाहिली. उत्तर वेगळंच आलं. त्याच्या पानाखाली मात्र बरोबर उत्तर होतं. म्हणजे गड्याने आधी गणित नीट सोडवलं होतं, आणि मग मुद्दाम एक आकडा बदलला होता!

ती तडक त्याच्या टेबलाशी गेली. “हे काय आहे? इमारतीच्या गणितात कुणी मुद्दाम चुका करतं?”

त्याचा चेहरा उतरला. “ही सरावाची पानं आहेत. यातलं काहीच बांधलं जाणार नाही. आणि तुमच्या नजरेतून सुटेल असा एकही आकडा मी—”

“पण का?”

“पान बरोबर असलं की शिपाई येतो,” तो म्हणाला. “माणूस चांगलाय तो... पण तुम्ही येत नाही.”

तिचे कान तापले. “नोकरी जाईल तुमची.”

“माहीत आहे. म्हणून गेला आठवडाभर सगळी पानं बरोबर दिली. रोज शिपाईच आला. आठवडाभर काही सुचलं नाही मला.”

“पुन्हा असं केलंत तर मीच काढायला सांगेन,” ती म्हणाली आणि पाठ फिरवली. राग आला होता हे खरं. पण तो जिन्यापर्यंतही टिकला नाही.

शुक्रवारी साहेबांनी तिचं लिखाण दोनदा वाचलं. ‘गणितात पक्का आहे. अठरा चुका मुद्दाम केलेल्या होत्या, समज दिली आहे. कायम करावा. यापुढे त्याची पानं दुसऱ्या कुणी तपासावीत. त्याच्या बाबतीत माझी नजर तटस्थ राहिलेली नाही.’

साहेबांनी चष्मा काढला. “कारण विचारू?”

“नको, साहेब.”

“बरं,” म्हणून त्यांनी सही केली.

त्या दिवशीचं पान बिनचूक होतं. तिने दोनदा तपासलं. शिपायाने सवयीने हात पुढे केला.

“राहू दे,” ती म्हणाली. “मी देते.”

तिला येताना पाहून तो गडबडला. शेजारच्या खुर्चीवर आज फायलींचा ढीग होता. “कुठे चुकलं? मी तीनदा पाहिलं होतं...”

“कुठेच नाही.”

“मग... शिपाई?”

“आहे की. बसलाय तिकडे.” फायली उचलून तिने खाली ठेवल्या आणि बसली. “तुम्ही कायम झालात. सोमवारपासून तुमची पानं दुसरं कुणीतरी तपासेल.”

त्याचा आनंद अर्ध्यावरच थांबला. “आणि तुम्ही?”

तिने पान त्याच्यापुढे सरकवलं.

“तुम्ही बिनचूक लिहा,” ती म्हणाली. “मी येईन.”